पट्टीवर दहा घरं

खानापूरहून जांबोटीकडं जाताना आत वळणाऱ्या एका रस्त्यावर आमचं गाव. भाताची खाचरं, थोडी काजूची बाग आणि मागं लगेच जंगल. आमच्या जुन्या गोठ्याच्या भिंतीत सातेरीचं, म्हणजे आपल्या देशी मधमाशीचं, पोळं होतं, मी लग्न होऊन आले तेव्हाही होतं. सासरे दर एप्रिलला भिंतीतला एक दगड काढायचे, शेणीचा धूर धरायचे आणि हात घालून पोळं तोडायचे. मग ते फडक्यात घालून पिळायचं. मध निघायचा, पण त्याच फडक्यातून पांढरा चीकही निघायचा. तो पिल्लांचा. सासूबाई तो वरचेवर निपटून टाकायच्या आणि मध बरणीत भरायच्या. वर्षभर खोकल्याला, लहान मुलांना तोच मध. मला त्या चिकाचा वास अजून आठवतो. तेव्हापासून मनात होतं, की मध घ्यायचा तर पिल्लांना हात न लावता घ्यायचा.

चार वर्षांपूर्वी तालुक्याच्या ठिकाणी मधमाश्या पाळण्याचं प्रशिक्षण झालं, त्यात मी नाव घातलं. पेटी मिळाली, आठ चौकटींची. चौकट आतून मोजली तर २१ सेंटीमीटर लांब आणि साडेचौदा उंच. भिंतीतली वसाहत पेटीत घ्यायला चंदगडचे माझे मावसदीर आले. तीस वर्षं सातेरी सांभाळलेला माणूस. त्यांनी पोळी एकेक करून अलगद कापली, पिल्लांचा भाग चौकटीत बसवला आणि केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं बांधला. राणी सापडली, पेटीत गेली, संध्याकाळपर्यंत बाकीच्या माश्या तिच्यामागं गेल्या. तीन चौकटी भरल्या. पाच रिकाम्या राहिल्या.

"आता ह्यात मेणपत्रे घाल," असं म्हणून ते रात्रीच्या गाडीनं परत गेले. त्या एका वाक्यात पुढची दोन वर्षं गेली.

मेणपत्रा म्हणजे मेणाचा पातळ पत्रा. दोन्ही बाजूंनी षट्कोनी घरांचे ठसे असतात. माश्या त्या ठशांवरच भिंती उभ्या करतात, त्यामुळं पोळं चौकटीच्या बरोबर मधोमध, सरळ बसतं आणि चौकट उचलली की पोळं अख्खं हातात येतं. मध यंत्रात फिरवून काढायचा आणि रिकामं पोळं परत माश्यांना द्यायचं. अमेरिकेत लँगस्ट्रॉथनं १८५१ साली पेटीत माश्या काही न बांधता जी वाट मोकळी सोडतात तिचं माप ओळखलं आणि हलणारी चौकट शक्य झाली. मग १८५७ साली जर्मनीत योहानेस मेरिंगनं मेणपत्र्याचा पहिला साचा केला. चौकट आणि पत्रा ही जोडी जमली, त्यात मध फिरवून काढायचं यंत्र आलं, आणि पोळं न मोडता मध काढता येऊ लागला. माझ्या सासऱ्यांच्या फडक्याला उत्तर ह्या गोष्टींत होतं, हे मला नंतर कळलं.

पत्र्याचा आणखी एक मोठा फायदा आहे. मेण माशीच्या अंगातून येतं. कामकरी माशीच्या पोटाखाली ग्रंथींच्या चार जोड्या असतात, तिथून मेणाच्या बारीक खपल्या निघतात. ती त्या तोंडानं चावून मऊ करते आणि बांधकामाला लावते. एक किलो मेण तयार व्हायला सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो असं मधपाळ धरतात. पत्रा दिला की त्यातला बराच मध वाचतो.

हे सगळं चांगलंच आहे, पण पत्रा माशीच्या मापाचा हवा. मला ते ठाऊक नव्हतं.

पहिले पत्रे मी बेळगावातून आणले. दुकानदार म्हणाला, "मेणपत्रा सगळा सारखाच असतोय ओ, कात्रीनं कापून घ्या की." पत्रे मोठे होते. मी घरी आणून पट्टीनं आखले, कात्री गरम पाण्यात बुडवून कापले आणि चौकटींत बसवले. दिसायला फार सुरेख दिसले. पाच दिवस माश्यांनी त्यांना तोंड लावलं नाही. मग कडा कुरतडल्या. दहाव्या दिवशी उघडून बघितलं तर दोन पत्र्यांच्या मधल्या जागेत त्यांनी स्वतःचं पोळं आडवं बांधलं होतं आणि त्याच पोळ्यानं दोन्ही चौकटी एकमेकींना जखडल्या होत्या. एक उचलली तर दुसरी वर येत होती. सोडवताना पोळं फाटलं, पिल्लं सांडली. मी ते पोळं ओंजळीत घेऊन तशीच बसले.

मावसदिरांना फोन केला. ते काही बोलले नाहीत, पुढच्या रविवारी आले. पिशवीतून मुलांची शाळेची पट्टी काढली आणि म्हणाले, "भिंतीतल्या जुन्या पोळ्याचा तुकडा आण." मी माळ्यावरून आणला. त्यांनी पट्टी घरांच्या ओळीवर ठेवली आणि एका भिंतीपासून मोजून दहा घरं दाखवली. "किती?" मी वाचलं, ४६ मिलिमीटर. मग उरलेला विकतचा पत्रा घेतला. त्यावरची दहा घरं ५४ मिलिमीटर.

"हा मेलिफेराचा पत्रा," ते म्हणाले. "परदेशी माशीचा. तिचं अंग मोठं, तिचं घर मोठं. आपल्या सातेरीच्या नराचं घरसुद्धा एवढं नसतंय. ती कशाला बांधेल ह्याच्यावर?"

सातेरीच्या कामकरी माशीचं घर साडेचार मिलिमीटरच्या आसपास असतं. जागेप्रमाणं थोडं कमीजास्त होतं, डोंगरातली माशी थोडी मोठी, खालच्या मैदानातली थोडी लहान. मेलिफेराचं घर ५.३ ते ५.४. एका घरात हा फरक डोळ्याला दिसत नाही. दहा घरं ओळीनं मोजली की लपत नाही. दुकानात पत्रा घेताना आज मी पर्समधून पट्टी काढते आणि समोरच मोजते. कुणी काही म्हणो. मोजू देत नसतील तर पत्रा घेत नाही. त्याआधी आपल्या पोळ्याची दहा घरंही मोजलेली हवीत, कारण पत्रा आपल्या माशीशी जुळायला हवा. पुस्तकातला आकडा नुसता अंदाजाला ठीक.

दुसऱ्या वेळी मापाचे पत्रे मिळाले, पण स्वस्त मिळाले. ते पांढुरके होते, उजेडाकडं धरले तर थोडे आरपार दिसायचे, बोटाला तेलकट लागायचे. मधाचा वास नव्हता. मार्च होता, काजूचा फुलोरा सरत आलेला, जांभळाला मोहर आलेला, माश्या जोरात होत्या. त्यांनी ह्या पत्र्यांवर लगेच बांधायला घेतलं आणि मला फार आनंद झाला. एप्रिलच्या मध्यात मधकोठी, म्हणजे पेटीचा वरचा मधाचा कप्पा, उघडली तर दोन पोळी वरच्या अर्ध्यात ताणली जाऊन लांबली होती. वरच्या ओळींतली घरं षट्कोनी न राहता उभी लंबगोल झाली होती आणि तळाला पत्रा दुमडून खालच्या चौकटींना चिकटला होता. तिसरा पत्रा पूर्ण सुटून पेटीच्या तळाला पडला होता. त्याखाली दबून मेलेल्या माश्या मी एकेक वेचून काढल्या.

माझा भाऊ बेळगावात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. त्याला पत्र्याचा तुकडा आणि आमच्या भिंतीतल्या पोळ्याचं वितळवलेलं मेण, दोन्ही दिलं. त्यानं काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, दोन्हींचे हरभऱ्याएवढे तुकडे टाकले. दोन्ही तरंगले. मग तो स्पिरिट थोडं थोडं ओतत, ढवळत गेला. एका क्षणी आमचं मेण हळूहळू खाली जायला लागलं आणि पेल्याच्या मध्यावर थांबलं. विकतचा तुकडा वरच राहिला. आणखी स्पिरिट ओतलं, आमचं मेण तळाला गेलं, तो तरीही वरच. "पॅराफिन मिसळलंय," भाऊ म्हणाला. मधमाशीचं मेण पॅराफिनपेक्षा, म्हणजे मेणबत्तीच्या मेणापेक्षा, जड असतं, एवढाच ह्या परीक्षेचा आधार. तुकड्यात हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढी काळजी घेतली तर ही परीक्षा घरीही करता येते. ढोबळ तपासणीला उपयोगी आहे. भेसळ अगदी थोडी असेल तर मात्र ती ह्यात पकडता येईलच असं नाही.

खरं मेण ६२ ते ६४ अंशांच्या दरम्यान वितळतं. पिल्लांच्या भागात माश्या ३४-३५ अंश राखतात, म्हणजे शुद्ध पत्र्याला धोका नसतो. पॅराफिन त्या उबेत, वर मध आणि माश्यांचं ओझं आल्यावर, नरम पडतं आणि लोंबतं. आपण फसलो ह्याचं दुःख कमी होतं, पण त्या माश्यांनी महिनाभर राबून मध ह्या पत्र्यावर साठवला होता ह्याचं मला जास्त वाईट वाटलं.

त्या दिवसापासून ठरवलं, की मेण आपलंच हवं.

आमच्या भागात घरोघरी भिंतीत, जुन्या मडक्यात, झाडाच्या ढोलीत सातेरी असते. कन्नड बोलणारे शेजारी तिला तुडुवे म्हणतात. मेणाला मात्र आम्ही दोघेही मेणच म्हणतो. मध पिळून उरलेला चोथा बायका उकिरड्यावर टाकायच्या. मी माहेरी, सासरी, आजूबाजूच्या वाड्यांत सांगून ठेवलं, चोथा टाकू नका, मला द्या. ओळखीच्या बायकांनी डबे भरभरून दिले. एका शेजारणीनं तर दिवाळीला फराळाबरोबर चोथ्याची पिशवी पाठवली.

चोथा आधी पाण्यात भिजवून धुतला. मग कापडी पिशवीत घालून तोंड बांधलं आणि मोठ्या पातेल्यात पाण्यात उकळलं, पिशवीवर दगड ठेवून. मेण पिशवीतून झिरपून वर येतं, घाण आत राहते. रात्रभर तसंच ठेवलं की सकाळी पाण्यावर पिवळी भाकरी तयार असते. पातेलं स्टीलचं घ्यायचं, लोखंडाच्या कढईत मेण काळवंडतं. भाकरीच्या तळाची करडी घाण सुरीनं खरवडून पुन्हा एकदा वितळवली. दुसऱ्यांदा वितळवताना पातेलं थेट जाळावर ठेवलं नाही, पाण्याच्या भांड्यात ठेवलं. मेण पेट घेतं, त्यामुळं ह्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही, अगदी घाईतसुद्धा.

मावसदिरांनी नीट उकळायचं बजावलं होतं. दक्षिणेत १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड ह्या विषाणूच्या साथीत कर्नाटकातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणात गेल्या. अळी पिशवीसारखी फुगून मरायची. त्या दिवसांचं बोलताना ते अजूनही मध्येच थांबतात. कुठल्या घरचा चोथा, त्या घरची वसाहत कशी होती, हे मी आता विचारून घेते आणि संशय आला की तो चोथा घेत नाही.

दोन हंगामांत तीन किलो मेण जमलं. चंदगडच्या बाजूला मावसदिरांच्या ओळखीच्या एका मधपाळाकडं पत्रे करायचं हातयंत्र आहे, दोन रुळांचं, सातेरीच्या मापाचं. आपलं मेण द्यायचं आणि आपल्यासमोर पत्रे करून घ्यायचे. त्यांनी पाण्यात भिजवलेली गुळगुळीत फळी वितळलेल्या मेणात बुडवली, वर काढली, थंड पाण्यात धरली आणि दोन्ही बाजूंनी पातळ पापुद्रा सोलून काढला. तो रुळांमधून जाताना चिकटू नये म्हणून साबणाच्या पाण्याचा हात फिरवायचा. एका बाजूनं सपाट पापुद्रा गेला आणि दुसऱ्या बाजूनं हजारो घरांचे ठसे घेऊन बाहेर आला. मी पट्टी लावली. दहा घरं, ४६.

त्या पत्र्याचा वास आमच्या गोठ्याच्या भिंतीचा होता.

आता चौकटी. आधीच्या चौकटी थोड्या वाकड्या होत्या, म्हणून बिडी गावाकडच्या एका सुताराकडून नव्या करून घेतल्या. वाळलेल्या सागाच्या तुकड्यांच्या. ते कन्नड बोलणारे, मराठी मोजकं बोलतात. मी त्यांना जुनी चौकट नमुन्याला दिली आणि दोन गोष्टी परत परत सांगितल्या. वरच्या पट्टीच्या खालच्या अंगाला मधोमध खाच हवी, पत्र्याची कड बसेल एवढीच रुंद. आणि बाजूच्या पट्ट्यांना तारेसाठी दोन-दोन भोकं, समोरासमोर. चौकट काटकोनात आहे का हे त्यांनी कर्ण मोजून दाखवलं. दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकट मला दिली.

एवढ्या लहान चौकटीला तार नको असं काहीजण म्हणतात. मी तार ओढते. आमच्याकडं ऊन वाढलं की मधानं भरलेलं पोळं जड होतं, आणि यंत्रात फिरवताना तार नसलेलं पोळं तुटतं. कल्हई केलेली बारीक तार घ्यायची, गंजत नाही. एका भोकातून आत, समोरच्या भोकातून बाहेर, खाली वळून परत. दोन्ही टोकांना चुका ठोकून त्यावर गुंडाळायची. तार किती ताणायची हे मला सुतारांनीच शिकवलं. त्यांनी तार बोटानं छेडली, टण्ण असा बारीक आवाज आला. "साकु अक्का, जास्ती ओढू नका, लाकूड वाकतंय." पुरे, एवढंच. आता मी प्रत्येक तार छेडून ऐकते. ढिली तार ठप्प वाजते, अति ताणलेली तार लाकडात रुतून पट्टीला आत ओढते. दोन्ही तारांचा आवाज जवळपास सारखा आला, की चौकट बाजूला ठेवते.

पत्रा कापताना वरून खाचेत जाणारं माप धरते आणि खालून तळपट्टीपर्यंत पाचेक मिलिमीटर जागा सोडते. बाजूंनीही दोन-तीन मिलिमीटर मोकळं. उबेत पत्रा थोडा वाढतो. चारी बाजूंनी घट्ट बसवला तर त्याला जायला जागा राहत नाही आणि तो मधोमध फुगतो. पहिल्या वर्षी सुबक दिसावा म्हणून मी कडेकडेपर्यंत भिडवला होता, तेव्हा असा फुगलेला पत्रा शेजारच्या पोळ्याला टेकला होता. ठशाची दिशाही बघायची, षट्कोनाचं टोक वर यायला हवं. पत्रा वाचवायच्या नादात आडवा कापला की सपाट बाजू वर येते.

थंडीच्या दिवसांत पत्रा ठिसूळ असतो, नुसत्या हातानंही तुटतो. अशा वेळी उन्हात दोन-तीन मिनिटं ठेवायचा, बोटाला लवचीक लागला की लगेच काम करायचं. साठवलेल्या पत्र्यावर कधीकधी पांढरी भुकटी येते. ती बुरशी नव्हे, मेणाचाच पातळ थर. कोमट उन्हानं जाते.

आता तार पत्र्यात बसवायचं काम. ह्यासाठी दातेरी चाकाचं हत्यार मिळतं. ते गरम करून तारेवरून फिरवलं की तार मेणात रुतते. मी पहिल्यांदा ते चित्रात पाहिलं आणि मला आमचं करंज्यांचं कातणं आठवलं. पितळेचं, सासूबाईंच्या सासूबाईंच्या वेळचं, आता नवं आणल्यामुळं बाजूला पडलेलं. सुतारांकडं नेलं. त्यांनी बारीक कानशीनं प्रत्येक दात्याच्या टोकाला मधोमध एक खाच काढली, तार त्यात बसेल आणि घसरणार नाही एवढी. पितळ लवकर तापतं, उष्णता धरून ठेवतं. तेव्हापासून दुसरं हत्यार घ्यावं लागलेलं नाही.

चौकटीच्या आत बसेल अशी फळी करून घेतली आहे, पत्र्याला खालून आधार द्यायला. फळी ओल्या फडक्यानं पुसायची, नाहीतर मेण तिला चिकटतं. फळीवर पत्रा, पत्र्यावर तारांची चौकट. कातणं उकळत्या पाण्यात बुडवून झटकायचं आणि तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दमात फिरवायचं, न थांबता. मध्येच थांबलं तर त्या जागी भोक पडतं. फार दाबलं तर पत्रा कापला जातो. करंजीची कड कातताना मनगट जेवढं हलकं ठेवतो, तेवढंच. नीट बसलेली तार मेणात अर्धी बुडालेली दिसते, वर एक बारीक चकाकती रेघ राहते.

मी ओसरीवर हे करत बसले होते तेव्हा सासूबाई आल्या. म्हणाल्या, "काय करालीस गं, दिवाळी झाली की." मी कातणं दाखवलं. त्या शेजारी बसल्या, दोन मिनिटं बघितलं आणि माझ्या हातातून ते घेतलं. त्यांच्या हातानं फिरवलेली तार माझ्यापेक्षा सरळ बसली. आता चौकटी भरायच्या असल्या की तारांचं काम त्यांचं. लहानपणापासून माश्यांना भिणारी बाई, पेटीजवळ अजून येत नाही, पण आमच्या प्रत्येक पोळ्यात त्यांच्या हातची तार आहे.

शेवटी वरची कड. पत्रा खाचेत सरकवून चौकट तिरपी धरायची, वरची पट्टी खाली येईल अशी, आणि चमच्यानं वितळलेलं मेण खाचेच्या एका टोकाला ओतायचं. ते खाचेतून धावत दुसऱ्या टोकाला जातं आणि क्षणात गोठतं. चमचाभर पुरतं. मेण फार तापलेलं असेल तर पत्र्याची कडच वितळते, म्हणून वितळल्यावर दोन मिनिटं थांबून ओतायचं.

लावलेला पत्रा कधी द्यायचा ह्यात मी तिसरी चूक केली होती, तीही सांगते. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, त्या पट्ट्यातला पाऊस आमच्याकडंही कोसळतो. जून ते ऑगस्ट माश्यांना बाहेर फारसं काही मिळत नाही. मी जुलैत साखरेचा पाक देऊन दोन नवे पत्रे घातले, वाटलं रिकाम्या वेळेत बांधतील. त्यांनी पत्रे कुरतडून जागोजागी आरपार भोकं पाडली. बाहेरून मकरंद येत नसताना आणि माश्या कमी असताना त्या पत्र्यावर बांधत नाहीत. आता मी पत्रा देते तो पाऊस उतरल्यावर फुलोरा सुरू झाला की, किंवा काजू-जांभळाच्या वेळी, आणि तोही आधीची पोळी माश्यांनी पूर्ण झाकलेली असतील तरच. एका वेळी एक, फार तर दोन. पिल्लांच्या चौकटींच्या शेजारी ठेवायचा. पिल्लांच्या मधोमध घातला तर थंडीत उबेचा घेर तुटतो. संध्याकाळी पाण्याइतकीच साखर घालून केलेला पातळ पाक दोन-तीन दिवस दिला की काम वेग घेतं.

पेटी पाणसळीवर सपाट हवी. पोळं नेहमी ओळंब्यात खाली येतं. पेटी एका अंगाला कलली असेल तर पत्रा चौकटीत तिरका लोंबतो आणि खालची कड शेजारी टेकते. दोन चौकटींच्या मध्यापासून मध्यापर्यंत मी ३१ मिलिमीटर ठेवते. मेलिफेराच्या मापानं ३५ ठेवलं की सातेरी मधल्या जागेत आणखी काहीतरी बांधू बघते. तिवईच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या आहेत, मुंग्यांसाठी.

मावसदिरांचं म्हणणं, मेण कमी असेल तर अख्खा पत्रा न देता वरच्या पट्टीला बोटभर रुंदीची पट्टी लावावी, माश्या पुढचं आपल्या मर्जीनं बांधतात. मी एका चौकटीत करून बघितलं. छान बांधलं, पण खालच्या कोपऱ्यात नरांची घरं जास्त केली. नराच्या बंद घरावर टोकदार टोपी असते आणि तिच्या मध्यावर सुईच्या टोकाएवढं भोक, त्यावरून ओळखू येतं. वसाहतीला नर लागतातच, त्यामुळं त्यात वाईट काही नाही. तरीही मधकोठीत मी पूर्ण पत्राच देते, आणि मेण अपुरं असेल तर अर्धा. पॅराफिनचा पूर्ण पत्रा देण्यापेक्षा शुद्ध मेणाची बोटभर पट्टी केव्हाही चांगली, ह्या बाबतीत आमचं दोघांचं एकमत आहे.

आपल्या मेणाचा पहिला पत्रा मी ज्या दिवशी दिला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण जरासं उचललं. माश्या पत्र्यावरून एकमेकींचे पाय धरून साखळीसारख्या लोंबत होत्या, अगदी स्थिर. मी झाकण परत ठेवलं. चौथ्या दिवशी वरच्या तिसऱ्या भागात भिंती उठल्या होत्या, फिक्या पिवळ्या, इतक्या पातळ की मागच्या उजेडात तार दिसत होती. नवव्या दिवशी चौकट सूर्याकडं पाठ करून तिरपी धरली तर घरांच्या तळाशी अंडी होती. प्रत्येक घरात एक, तांदळाच्या कण्यासारखी, उभी. तारेवरची घरंही राणीनं सोडली नव्हती.

ह्या वर्षी गोठ्याच्या भिंतीत पुन्हा एक नवी वसाहत येऊन बसली आहे. ती तिथंच राहू द्यायची असं सासऱ्यांनी सांगितलंय, आणि ह्या एप्रिलला त्यांनी दगड काढला नाही. शेजारच्या वाडीतल्या जाऊबाईंना माझ्या पेटीतली वसाहत वाढली की वाटून द्यायची आहे. त्यांच्यासाठी पाच चौकटींत तारा ओढून ठेवल्या आहेत. पत्रे वर्तमानपत्राच्या घड्या मध्ये घालून पत्र्याच्या डब्यात आहेत. ते आता लावणार नाही. बाहेर पाऊस आहे, तो उतरू दे.